दाराबाहेरून ऐकलेले शेवट

सिंधूअक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी जळगावला, मुलाच्या घरी, भरताची वांगी भाजत होते. फोन धुळ्याहून विमलचा. विमल म्हणजे चौथ्या गल्लीतली माझी शेजारीण. लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हापासूनची मैत्रीण, आणि मधली दोन वर्षं वैरीण. ती नुसतंच म्हणाली, "अगं, आपली अक्का..." आणि पुढे तिला बोलवेना. वांगी करपली. नातू ओरडत आला, "आजी, धूर!" त्याला काय सांगणार, कोण गेलं ते? नात्याची नाही, गोताची नाही. थिएटरातली डोअरकीपर होती म्हटलं असतं, तर त्याने विचारलं असतं, मग रडतेस कशाला? आता महिना होत आला. बसून लिहावं म्हणते.

त्या काळी आमच्या थिएटरात बायकांचा क्लास वेगळा असायचा. पुरुषांच्या बाजूला लाकडी कठडा, वेगळा जिना, आणि जिन्याच्या टोकाला दाराशी सिंधूअक्का. नवरा लवकर गेलेला, पदरात एक मुलगी, मंगल. हातात बॅटरी, कमरेला खोचलेला पदर, आणि आवाज असा की खालच्या क्लासातली शिट्टीसुद्धा थांबावी. पण तिचं खरं काम बॅटरीचं नव्हतंच. तीनच्या खेळाला येणाऱ्या निम्म्या बायकांच्या मांडीवर लेकरं. पिक्चर ऐन रंगात आलं की त्यांतलं एक भोकाड पसरायचं, मग दुसरं, मग सगळी. अक्का अंधारातून यायची, "दे इकडे तुन्हं पोर. तू बैठ, आते मारामारी शे," म्हणायची आणि लेकरू खांद्यावर टाकून बाहेरच्या व्हरांड्यात फेऱ्या घालायची. ज्या बाईचं पोर अक्काकडेही राहायचं नाही, तिला मात्र उठून बाहेर जावं लागायचं. तिच्यासाठी अक्काचा दुसरा नेम होता. पिक्चर सुटलं की हुकलेला भाग ती त्या बाईला जिन्यावर बसवून सांगायची. हातवारे करून, तलवारी चालवून, नीट सांगायची.

मी तेव्हा एकवीस वर्षांची. मॅट्रिक. धरणगावहून धुळ्याला आलेली, म्हणजे स्वतःच्या मते विलायतेहून आलेली. सासरी कुणाला काही कळत नाही आणि मला सगळं कळतं, एवढं एकच मला पक्कं ठाऊक होतं. आणि आमच्या घरात मी नाक वर करून बोलू शकत असे असा एकच विषय होता, तो म्हणजे सिनेमा. तशात ते जहाजाचं पिक्चर आलं. एक कप्तान, त्याचं जहाज, सात समुद्रांपलीकडचा खजिना. खानदेशात समुद्र कुणी पाहिलेला? पांझरेला पूर आला की आम्ही पुलावर जायचो, तेवढंच. पडद्यावर लाट उठली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने चपला उचलून मांडीवर घेतल्या. मी तिला हसले. माझे स्वतःचे पाय कधी खुर्चीवर गेले होते, ते मला नंतर कळलं.

पण पब्लिकचा जीव कप्तानावर नव्हता. तो होता जहाजावरच्या खानसाम्यावर. ठेंगणा, टकला, हातात भला मोठा झारा. चाचे आले की कप्तान तलवार शोधेपर्यंत हा झाऱ्याने चौघांना लोळवायचा आणि पुन्हा रश्शाकडे वळायचा. बायका तर त्याच्यावर खूश. स्वयंपाकाच्या हत्याराने जग जिंकणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी जहाज पेटलं, खानसामा धुरात... आणि माझा थोरला, आठ महिन्यांचा, असा रडायला लागला की अक्काच्या खांद्यावरही राहीना. मी बाहेर. पिक्चर सुटल्यावर जिन्यावर बसून अक्काला विचारलं, त्याचं काय झालं? तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मरी गया व माय. कप्तानले नावमा बसाडं, नि स्वतः जहाजवर ऱ्हायना."

कप्तानाला नावेत बसवलं आणि आपण जळत्या जहाजावर राहिला! मी तिथेच जिन्यावर ढसाढसा रडले. घरी येऊन रडले. सासूबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, खानसामा मेला. त्यांनी डोक्याला हात लावला. दोन दिवस मी वरणाला फोडणी दिली नाही, म्हणजे जवळजवळ सुतकच पाळलं म्हणा ना. विमल मात्र ठासून सांगायची की तो जगला आणि त्याचं लग्न झालं. नळावर आमचं जुंपलं. मी तिला म्हणाले, "तुला पिक्चरमधलं काय कळतं? चौथीत तरी पास झालीस का?" दोन वर्षं आमचं बोलणं बंद. आमच्या ह्यांना साक्षीला काढलं, तर हे म्हणाले, गर्दीच्या आधी स्टँडवरून सायकल काढायची म्हणून मी जहाज पेटताच निघालो. सगळ्या पुरुषांची तीच तऱ्हा. मग दुसरा भाग आला, त्यात खानसामा नव्हताच. मी विमलच्या दारात जाऊन, कमरेवर हात ठेवून, सबंध गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "आता बोल!" आता बोल काय... मीच तिच्याशी बोलत नव्हते!

तिसरा भाग यायला चौदा वर्षं लागली. तोवर घरोघरी केबल आली होती, थिएटरात डास जास्त आणि माणसं कमी. मालकांनी बायकांचा क्लास मोडून सगळी एकच बाल्कनी करायचं ठरवलं. क्लास नाही, तर त्याच्या दाराशी बाई कशाला? हे पिक्चर बदललं की अक्काचं काम सुटणार. ही बातमी विमलनेच आणली आणि म्हणाली, "गुरुवारचा तीनचा खेळ तिचा शेवटचा. जाऊ या." शेजारच्या चार बायका गोळा करून आम्ही गेलो.

पिक्चर सुरू झालं आणि खालची पोरं सुटलीच. कप्तानाचं पोट सुटलेलं, केसांचा टोप वाऱ्यात उडतोय. तो दोराच्या शिडीवर चढायला लागला की खालून आवाज, "आजोबा, दम खा!" "अरे, याला खाली उतरवा, औषधाची वेळ झाली!" मीही खी-खी हसत होते. विमलने कोपर मारलं, "हसतेस काय? मघाशी जिना चढताना तू दोनदा थांबलीस." पुढच्या रांगेतली बाई पडद्याकडे पाहत हळूच म्हणाली, "आपण तरी कुठे तशा राहिलो?" त्यानंतर आमच्या क्लासात कुणी हसलं नाही. खालून शिट्टी आली की वरून बायकाच दरडावायच्या, "ए, गप बसा रे! बघू द्या म्हाताऱ्याला!"

आणि मग एका बंदरावरच्या खानावळीत, पाठमोरा, कुणीतरी कढईत काही ढवळत होतं. तो वळला. हातात झारा! काय सांगू तुम्हाला... सगळं थिएटर उभं राहिलं. आत्तापर्यंत टवाळी करणारी पोरंसुद्धा टोप्या उडवायला लागली. त्या गदारोळात मीही उभी राहिले आणि कठड्याला धरून ओरडले, "हा तर मेला होता!"

नेमका तेव्हाच गलका ओसरला होता. खालून एकजण म्हणाला, "वहिनी, तिरडी बांधायला तुम्ही आल्या होत्या का?"

असं हसू मी आयुष्यात कधी ओढवून घेतलं नव्हतं. मी खाली बसले. विमल चवऱ्या ढाळल्यासारखा पदर हलवत म्हणाली, "बघ! मी सांगत होते, त्याचं लग्न झालं." त्यावर मागची बाई, "लग्न कुठलं? त्याला तर राजाच्या शिपायांनी धरलं होतं." आणि तिच्या शेजारची, "अहो नाही, तो साधू झाला, बेटावर राहिला." आम्ही चौघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तुला कुणी सांगितलं? तुला? तुला? ...चौघींना अक्कानेच.

इंटरव्हल झाला तशी मी तरातरा व्हरांड्यात गेले. अक्का एक लेकरू खांद्यावर, एक काखेला घेऊन उभी. मी म्हटलं, "अक्का, सोळा वर्षं मला खोटं सांगितलंस! मी माझ्या मैत्रिणीशी भांडले त्याच्यापायी." ती काखेतल्या पोराचं नाक पुसत म्हणाली, "मी कोनताच पिक्चरना शेवट देखेल नही, माय. शेवटले मारामारी ऱ्हास, बठ्ठा पोरं एकदम उठतस. मी इथेच. मधमाथीन आवाज येस, तेवढाच माले."

बंद दारातून शिट्ट्या येतात, मधेच सगळं शांत होतं, कुणी हुंदका देतं, कुणी टाळ्या वाजवतं. तेवढ्यावरून ती शेवट जुळवायची. पण मग चौघींना चार का?

"त्या दिन तू डोया सुजाडीसन ऊनी व्हती," ती म्हणाली. "आखाजीले तुले माहेर धाडं नव्हतं. घरमा रडता येत नव्हतं. मी म्हनं, हिले रडाले कायतरी पाहिजे. नि विमलनी बहीननं जमत नव्हतं, म्हनीसन तिले लगीन सांगं."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी जायचं, झोक्यावर बसायचं, गाणी म्हणायची. त्या वर्षी सासूबाईंनी मला पाठवलं नव्हतं. गल्लीत गाणी ऐकू यायची आणि मी तोंड दाबून भांडी घासायची. माझे सुजलेले डोळे घरात कुणी पाहिले नव्हते, आणि हे मी आईलासुद्धा कळवलं नव्हतं. मला सगळं कळतं असं समजणाऱ्या त्या मॅट्रिक पोरीला एवढंही कळलं नव्हतं, की दोन दिवस ती कुणासाठी रडत होती.

मी विचारलं, "आणि आजचा शेवट? उद्या तर तुझं काम सुटणार." ती हसली. "देखना व्हता. पन ह्या पोरे..." मी तिच्या खांद्यावरचं पोर ओढून घेतलं, मग काखेतलं. ती नको-नको करत होती. विमलने तिला दंडाला धरून आत नेलं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं. दार बंद झालं.

मी व्हरांड्यात, खांद्यावर एक, काखेला एक. थोड्या वेळाने कुणीतरी तिसरंही आणून दिलं. आतून ढोल वाजले. हशा झाला. मग शिट्ट्या. मग एकदम सगळं थिएटर चिडीचूप... किती वेळ, कोण जाणे. मी दाराला कान लावला. कुणीतरी नाक ओढलं. आणि मग टाळ्या, पण जोराच्या नाहीत. माणसं उभी राहून हळू वाजवतात तशा. मी पोरांना थोपटता थोपटता सगळं लावून टाकलं, कोण गेलं, कोण राहिलं, झारा कुणाच्या हातात आला.

दार उघडलं. बायका डोळे पुसत बाहेर पडल्या. सगळ्यांत शेवटी अक्का आली. एकेक पोर माझ्याकडून घेऊन ज्याच्या त्याच्या आईकडे दिलं. मी विचारलं, "काय झालं गं?"

"माले नही आवडं," ती म्हणाली. आणि जिन्यावर बसली, मला शेजारी हाताने जागा दाखवली. "तू बाहेर काय ऐकं? ते सांग."

मी सांगितलं. हातवारे करून, झारा चालवून सांगितलं. ती हनुवटीला हात लावून ऐकत होती. संपल्यावर मान हलवली आणि म्हणाली, "हाई बरं शे." खरा शेवट मी तिला पुन्हा विचारला नाही. विमललाही बजावून ठेवलंय, खबरदार सांगशील तर.

परवा विमलला घेऊन मंगलच्या घरी गेले. अक्काचं अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेलं, खोलीत तिच्या मशेरीचा वास. मंगलही आता आजी झालेली, पण लहान पोरीसारखी रडायला लागली. आठवडाभर मी दवाखान्यात आईजवळून हलले नव्हते, मावशी, म्हणाली, आणि नेमकी पाच मिनिटं चहाला बाहेर गेले. परत येऊन दाराशी पोचले, तोवर... "शेवटी मी नव्हते हो तिच्याजवळ. काही म्हणाली असेल, मला हाक मारली असेल..."

विमल काहीतरी समजावायला निघाली, तिला मी थांबवलं. मंगलला विचारलं, "तू बाहेर होतीस तेव्हा आतून काय ऐकू येत होतं?"

ती गोंधळली. डोळे पुसले. आठवत म्हणाली, "काही नाही... वॉर्डातल्या बायका हसत होत्या. चांगल्या मोठ्याने. मग एकदम शांत झाल्या."

"आणि मग?"

"मग शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, पुढे काय झालं, आजी?"

मंगलला स्वतःलाच ते तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं असावं. मग हळूच म्हणाली, "मावशी, काय सांगत असेल हो ती त्यांना?"

मी जरा सरकून तिच्याजवळ बसले, आणि सांगायला लागले.