आल्बर्टचा वशिला आणि माहूजची कचरापेटी

वसईचा आल्बर्ट तुस्कानो बहारीनच्या एका म्युनिसिपल कचेरीत टायपिस्ट होता. पण तो राहायचा त्या माहूज वस्तीतल्या शेजाऱ्यांना वाटे, कचेरी हाच चालवतो. वाटे कसलं, त्यानंच तसं पटवलं होतं! कुणाच्या शब्दाला किती वजन, हे त्याला तोंडपाठ: डायरेक्टर मणभर, इंजिनिअर शेरभर, हेडक्लार्क पावशेर.

एकोणऐंशीच्या जुलैत एक भली मोठी लोखंडी कचरापेटी नेमकी त्याच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येऊन बसली. शुक्रवारी त्याच्या मुलीला, रोझमेरीला, बघायला पाहुणे येणार, आणि घरभर कुजक्या मासळीचा वास!

"एका शब्दाचं काम," आल्बर्ट बायकोला म्हणाला.

सोमवारी डायरेक्टर म्हणाले, "इंशाल्ला." मंगळवारी इंजिनिअरनं नकाशा उलगडला. नकाशात पेटी चौकातच होती. मग हलवायचं काय? बुधवारी हेडक्लार्कनं अर्ज मागितला, आणि तो टाइप करायला आला आल्बर्टच्याच टेबलावर. गुरुवारी दुपारी बिचारा तोंड पाडून घरी आला.

"मॅगी, माझं तिथं काडीचं चालत नाही गं. लोक हसले तर हसू देत, पण माझ्यापायी पोरीचं लग्न मोडलं तर?"

"गाडीवाल्याला विचारलंत?"

"ड्रायव्हरला? त्याला कोण विचारतंय!"

तेवढ्यात कचऱ्याची गाडी आलीच. हुसेन ड्रायव्हरनं पेटी उचलून रिकामी केली. मॅगीनं रोजच्यासारखी गार पाण्याची बाटली खिडकीतून त्याच्या हातात दिली.

"हुसेनभाई, पेटी उधर चौक में रखो ना. कल बेटी को देखने आ रहे हैं."

"पहले बोलना था, बहनजी! आपके ठंडे पानी के वास्ते ही तो इधर रखता था."

आल्बर्टनं कपाळावर हात मारला. म्हणजे पेटी आली हिच्यामुळे, आणि चालली तीही हिच्याच शब्दावर!

शुक्रवारी खिडक्या सताड उघड्या होत्या. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तुम्ही म्युनिसिपालिटीत ना? तिथं खरं कुणाचं चालतं हो?"

आल्बर्टनं सवयीनं घसा खाकरला. मॅगी सरबत घेऊन बाहेर येत होती.

"हिचं," तो म्हणाला.

पाहुणे खो खो हसले. असा बाप असलेल्या घरची मुलगी करायला हरकत नाही, असं ठरवूनच ते उठले.

शनिवारी हुसेनची गाडी लांब चौकात थांबली. मॅगी बाटली हातात धरून खिडकीशी चुळबुळत होती. आल्बर्टनं ती काढून घेतली आणि टाय सावरत रणरणत्या उन्हात निघाला.

"कुठं, साहेब?" शेजारच्या चंद्रशेखरनं विचारलं.

"वरच्या साहेबांकडे," आल्बर्ट म्हणाला, "पाणी गार आहे तोवर जातो."