पेवातला कंदील

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. मी तेव्हा उत्तरेकडच्या एका थंड देशात संशोधन करत होतो. जमिनीतून किती कार्बन वायू हवेत जातो आणि झाडझाडोरा त्यातला किती परत ओढून घेतो, याचा वर्षाचा अंदाज आम्ही काढायचो. बर्फाखाली सगळं निपचित असणार असं धरून हिवाळ्यापुढे मी शून्य लिहीत असे.

सुट्टीत गावी आलो तेव्हा माझा थोरला भाऊ, अप्पा, पेव उघडत होता. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं ज्वारीचं कोठार. त्याचं तोंड लिंपून टाकलं की दाणा वर्षानुवर्षं टिकतो. उघडल्यावर आधी दोरीनं कंदील आत सोडायचा आणि तो जळत राहिला तरच माणसानं उतरायचं, अशी आमच्याकडची रीत.

कंदील निम्म्यावरच विझला.

"आज न्हाई," अप्पा म्हणाला. "उद्यापर्यंत उघडंच राहू दे."

घरातलं पीठ संपलं होतं. वहिनी टोपली घेऊन उभी होती. मी म्हणालो, "अप्पा, वाऱ्यानं विझला असंल. कोरड्या दाण्यात काय हाय हवा नासायला?"

"बर्फात मातीला नाक लावून बसणारा म्हणतोय, मग उतरलंच पायजे!" तो हसला आणि उतरला.

कमरेला दोर होता म्हणून वाचला. हाकेला ओ येईना, तेव्हा वहिनीनं आणि मी ओढून बाहेर काढलं. ओठ निळे पडले होते. गाव गोळा झालं. शुद्धीवर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "माझीच घाई नडली." मी काही बोललो नाही.

परत गेल्यावर मला चैन पडेना. कोंडलेला कोरडा दाणाही श्वास घेतो, कार्बन वायू सोडतो, तर बर्फाखालची माती का नाही? हिवाळाभर बर्फात नळ्या रोवून मोजलं. माती श्वास घेत होती. वर्षाचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला. हे सुचलं कसं, असं लोक विचारायचे. मी नुसता हसायचो.

अप्पा आता नाही. पेवंही बुजली. पण कुणी उतावीळपणा केला की गावात अजून म्हणतात, "अप्पावानी करू नको."

परवा वहिनीला सगळं सांगायला बसलो. तिनं मध्येच थांबवलं.

"मला काय सांगायलात, भावजी? मी तिथंच होते की. गावाला सांगा."