चाकणच्या सुनेला मागणी
मी आयुष्यात कुणाचं लग्न जमवलेलं नाही. पण एका सुनेला मागणी घालायला मात्र चाकणजवळच्या एका गावात गेले, तेही नवऱ्याला सोबत घेऊन. ही सून माझी विद्यार्थिनी. मेंदूच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण पूर्ण झालेली. मला ती आणखी दोन वर्षांसाठी हवी होती, लहान मुलांच्या मेंदूचं काम शिकायला.

मोठ्यांची डोकी उघडणारे आमच्याकडे मुबलक आहेत. हायवेवरचे अपघात त्यांना रिकामं बसू देत नाहीत. पण तान्ह्या बाळाच्या डोक्यात पाणी साठलं, की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. आमच्या हॉस्पिटलात हे काम करणारी मी एकटी, आणि शिकायला वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं. इवलासा मेंदू, त्याहून इवल्या रक्तवाहिन्या आणि दाराबाहेर उभी आई. भल्याभल्यांना घाम फुटतो. अशात ही पोरगी आपणहून म्हणाली, मला हेच करायचंय. मी आनंदाने नाचायचीच काय ती बाकी होते. फक्त सासरी तुम्ही बोला, एवढंच तिचं म्हणणं.

तिने घरी हसत सांगितलं होतं, मॅडम मला मागायला येणारेत. घरच्यांनी ते अगदी मनावर घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवर अख्खी भावकी बसलेली, निम्मी कंपनीच्या गणवेशात, थेट फर्स्ट शिफ्टवरून आलेली. सतरंजी, पानसुपारी, कांदेपोहे. मला हसू आवरेना. नवऱ्याने डोळे वटारले, तेव्हा आणखीच आलं.

चौकशी सुरू झाली, पण सुनेची नाही, माझी. शुगर आहे का? गुडघे काय म्हणतात? चष्म्याचा नंबर वाढतोय का? सासूबाईंनी तर माझा हात हातात घेतला आणि थरथरतो का ते पाहिलं. आमचा प्रेमविवाह, त्यामुळे कांदेपोह्यांपुढे बसायची माझी हौस राहून गेली होती. ती साठीच्या उंबरठ्यावर भागली.

मग सासरे शांतपणे म्हणाले, "आमी सून तुमच्या हवाली करू. पर वर्सभरात तुमीच घरी बसला, तर तिनं शिकायचं कुनाकडं?"

माझं हसू थांबलं. येत्या दिवाळीनंतर मी निवृत्त होणार होते. पुढचं ती शिकेल कुठूनतरी, असं मी धरून चालले होते. पण ते कुठूनतरी म्हणजे कुठून, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. तळेगावच्या घराला रंग लावून झाला होता. अख्खा जन्म शिफ्टमध्ये काढलेल्या माझ्या नवऱ्याला सकाळचा चहा एकदाचा माझ्याबरोबर निवांत प्यायचा होता. त्याच्याकडे बघायची मला हिंमत होईना.

त्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. "तळेगावचं घर काही पळून जात नाही," तो सासऱ्यांना म्हणाला. "ही दोन वर्षं थांबेल. डबा मी पोचवीन."

मला इतकं भरून आलं की रडावं की हसावं कळेना. दोन्ही केलं. सून दारात उभी राहून पदराने डोळे पुसत खिदळत होती. सासूबाई आत गेल्या, खण-नारळ घेऊन आल्या आणि भावकीसमोर माझी ओटी भरली.

परत येताना मी नारळ मांडीवर घट्ट धरून बसले होते. मागणी तिला घातली होती, ठरलं माझं.