परक्या गाडीला टेकलेले बाबा

दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरातलं कपाट आवरताना बाबांचा जुना फोटो सापडला आणि डोकंच फिरलं.

"हूज कार इज धिस?" लेकीने विचारलं.

"कुणातरी साहेबाची," मी तुटकपणे म्हणालो.

बाबा फुजैराच्या बंदरात वेल्डर होते. तिथल्या सगळ्यांसारखेच परक्या गाडीला टेकून फोटो काढायचे आणि गावी पाठवायचे. हा फोटो आला तेव्हा पाकिटाला अत्तराचा वास होता. फोटो वाडीभर मिरवायला मी पळणार, तेवढ्यात आईने विचारलं, "यांचा उजवा हात खिशात का रे?"

"तुला एवढी गाडी दिसत नाही?" मी खेकसलो.

वर्षभराने बाबा घरी आले. त्या हाताला तीनच बोटं होती.

अजून हात शिवशिवतात. तेव्हाच्या माझ्या कानाखाली एक सणसणीत ठेवून द्यावी.