आक्काताईंचं रक्त वाढेना

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर पेशंटचं पोट मुठीएवढं उरतं. माझी किश्श्यांची पोतडी मात्र दर गुरुवारी, त्यांच्या तपासणीच्या दिवशी, फुगते! सांगलीतल्या एका दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ. ऑपरेशननंतर गोळ्या जन्मभर घ्यायच्या, नाहीतर अंगातलं रक्त कमी होतं, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

*

सलीमभाई मिरजेचे बांगडीवाले. चाळीस किलो उतरले आणि परस्पर गोळ्या बंद! मग पायाला मुंग्या. तपासलं तर बी-ट्वेल्व तळाला.

"आधी का नाही आलात?"

"मला वाटलं चपला चावतायत. तीन जोड बदलले मॅडम, फक्त पाय बदलायचे राहिले!"

इंजेक्शनं चालू केली, मुंग्या गेल्या. चपला अजून तीन जोड आहेत.

*

पाटीलवहिनी जैन. दिवस मावळल्यावर त्या पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि मी त्यांना थोडंथोडं सहा वेळा खायला सांगितलेलं! त्यांनी सगळं उजेडातच बसवलं.

आठवड्यात सासूबाई माझ्यापुढं हजर. "ही सकाळपास्नं खातच असतीया. तुमी भूक वाढवायचं आपरेशन केलंय व्हय?"

*

आक्काताई कवठे महांकाळकडच्या. हिमोग्लोबिन सात! दवाखान्याचा एवढासा जिना त्या दोनदा बसून चढल्या. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायच्या. तशी ती अंगी लागत नाही, म्हणून मी चहा वेगळा करायला लावला. महिन्यानं बघते तर पुन्हा सातच. डॉक्टर म्हणाले, आता लोह सलाईनमधून द्यायचं, नाहीच भागलं तर रक्त चढवायचं. मला खरंच भीती वाटली.

चिडून विचारलं, "गोळ्या घेता का फेकता?"

"घेती की! एक दिवस मी, एक दिवस सूनबाई. लय फिकी पडलीया पोर. एका घरात ऱ्हाऊन एकटीनं कसं खायचं वं?"

सून बाहेरच उभी होती. तिचं रक्त लगेच तपासलं. तिचंही आठ! आक्काताईंना सलाईन, सुनेला तिची स्वतःची गोळ्यांची डबी आणि दोघींना सणसणीत दम दिला.

दोन महिन्यांनी दोघी आल्या. आक्काताई जिना एका दमात चढल्या. रिपोर्ट बघितला, दोघींचं अकरा! माझा जीव भांड्यात पडला.

"आता घरी सगळं बरं ना?"

"कुठलं वं!" आक्काताई माझ्या कानाशी आल्या. "आमचं मालक रुसल्यात. त्यांनाबी एक डबी द्या की!"