शेवंता सिस्टरची दोरी

निरोप आला तेव्हा चंद्रपुरात मी नव्या डॉक्टरांना शिकवत होते : अत्याचार झालेल्या मुलीचे कपडे सावलीत वाळवावेत, कागदात बांधावेत, प्लॅस्टिकमध्ये कधीही नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं, शेवंता सिस्टर गेल्या. मी वाक्य पूर्ण केलं. ते मुळात त्यांचंच होतं…

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी अहेरीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले. सूक्ष्मजीवशास्त्रात पहिली आले होते. बायका मात्र माझ्या टेबलावरून पुढे जात विचारत, "सिस्टर कुठी हायेत?" एका सकाळी जंगलातल्या गावाहून मावशीसोबत एक मुलगी चालत आली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मी म्हटलं, आधी पोलिसांचं पत्र आणा. सिस्टर म्हणाल्या, "पत्र येईल तवा येईल, डाक्टरीणबाई. पोरगी त आज आली ना!" त्यांनी तिला स्वतःचं लुगडं नेसवलं, तिचे दवानं भिजलेले कपडे आपल्या खोलीतल्या दोरीवर टाकले. मुलगी त्यांच्यापाशी तासभर बोलली. मी आत गेले की गप्प होई. माझ्या आत जे जळत होतं, त्याला मी शिस्त हे नाव दिलं. ओलसर कपडे ओढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, लाखेची मोहोर लावली.

"मोहफुलं ओली भरली त बुरशी येते, बाई. कपड्याले नाई येनार काऊन?"

"बुरशी मला शिकवू नका, सिस्टर."

पत्र दुसऱ्या दिवशी आलं. काही महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल : बुरशीमुळे नमुना निरुपयोगी. आरोपी सुटला. कपडे कुणी बांधले, असं कोर्टात विचारल्यावर सिस्टर "दवाखान्यानं" एवढंच म्हणाल्या. परतताना बसमध्ये माझ्याकडे न बघता बोलल्या, "पुढचीले नीट करजा."

पुढे पत्रासाठी कुणालाही थांबवू नये, असा आदेश आला. आमच्या दवाखान्याच्या सूचना मी लिहिल्या. कपडे वाळवण्याच्या कलमाचं कौतुक झालं. खाली नाव माझं होतं. सिस्टरनी कागद वाचला, हसल्या, "बरं लिवलं." त्या हसण्याचासुद्धा मला हेवा वाटला.

गेल्या आठवड्यात अहेरीला गेले. खोलीत दोरी तशीच होती, तिच्यावर कुणाची तरी ओढणी वाळत होती. "त्या दोरीवर आमी दुसरं काई टाकत नाई," नवी सिस्टर म्हणाली आणि घाईनं आतल्या खोलीत गेली. पोलिसांचं पत्र अजून यायचं होतं. कुणी थांबलं नव्हतं. पडद्याआडून एका मुलीचा हलका, सलग आवाज येत होता… मी पुढे होऊन पडद्याला हात लावला. आवाज थांबला. हात मागे घेतला, तेव्हा तो पुन्हा सुरू झाला.