पाना फिरवायला जागा

खुर्सीपारच्या त्या म्हाताऱ्या पाइप-फिटरला मी कधी नाव विचारलं नाही. जुनवानीतल्या एका इमारतीच्या एसीचं डिझाइन माझं होतं, त्यातले थंड पाण्याचे पाइप जोडायचं काम त्याचं. ड्रॉइंग हातात दिलं की तो आधी भिंतीपाशी जायचा आणि मूठ आवळून हवेतच पाना फिरवून बघायचा.

तळघरात एका व्हॉल्व्हच्या जागी त्याचं कोपर भिंतीला अडलं.

"साहेब, पाइपाले जागा हाये. पाना फिरवाले कुठी हाये?"

"ड्रॉइंग पास झालंय," मी म्हणालो. सीनिअर इंजिनिअर होतो ना!

त्यानं व्हॉल्व्ह तिथेच बसवला.

दोन वर्षांनी तोच व्हॉल्व्ह गळायला लागला. मी पोचलो तेव्हा म्हातारा खांद्यापर्यंत हात भिंतीलगतच्या फटीत घालून वाकला होता. हात बाहेर आला तो कोपरापर्यंत सोललेला.

"झालं साहेब. पानी बंद झालं," एवढंच म्हणाला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आता ऑफिसात प्रत्येक ड्रॉइंगपुढे मीही मूठ आवळून पाना फिरवून बघतो. पण कागदावर कोपर कुठे अडतं?